खिशातला चाकू: अवजार की हत्यार? कायद्याच्या एका व्याख्येची चिकित्सा

गेल्या सप्टेंबरात तासगाव तालुक्यात मामाच्या रानात होते. डॉगरीज खुंटावर द्राक्षाचं कलम करायचं काम चालू होतं. मामा नेहमीचा, लाकडी मुठीचा कलमाचा चाकू वापरत होता. मामेभावाने मात्र खिशातून नवीन चाकू काढला. बंद होता. पात्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खुंटी होती, ती त्याने बोटाने जरा ढकलली आणि उरलेलं पातं खट्कन आपोआप बाहेर आलं. ऑनलाइन मागवला म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, तू कायद्यात पीएचडी करतीस ना? ह्यो खिशात घालून सांगलीला गेलो तर पोलीस धरतील व्हय?"

मी म्हटलं, बघून सांगते. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. तीन महिने गेले. माझ्या प्रबंधाचा एक भाग 'वस्तूला हत्यार कोण ठरवतं' या प्रश्नावर आहे, त्यामुळे वेळ वाया गेला असं नाही. पण जे हाती लागलं त्याने मी जरा अस्वस्थ झाले. तेच इथे साध्या भाषेत मांडते. (हा कायदेशीर सल्ला नाही. प्रकरण अंगावर आलं असेल तर वकील गाठा.)

आधी चाकू समजून घेऊ

घडीचे चाकू ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला, पूर्ण हाताने उघडायचा. दुसरा, बटणाचा किंवा खटक्याचा. यात स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि खटक्याने ते अडवून धरलेलं असतं. बटण दाबलं की अडसर निघतो आणि पातं बाहेर येतं. हिंदी सिनेमामुळे आपण या सगळ्यांना सरसकट 'रामपुरी' म्हणतो.

तिसरा प्रकार मामेभावाकडचा. यात स्प्रिंग आहे, पण बटण नाही. चाकू बंद असताना तीच रचना पात्याला आत दाबून धरते. तुम्ही पात्याला स्वतः ढकलून एका टप्प्यापलीकडे नेलं की मग स्प्रिंग पुढचं काम करते. म्हणजे सुरुवात माणसाची, शेवट स्प्रिंगचा. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने चाकू उघडायचा असेल तर ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

प्रश्न असा, की कायद्याच्या दृष्टीने हा तिसरा प्रकार पहिल्यासारखा की दुसऱ्यासारखा?

परदेशात याचं उत्तर कसं दिलं

अमेरिकेत १९५८ मध्ये खटक्याच्या चाकूंवर केंद्रीय कायदा झाला. मुठीतलं बटण किंवा तसलं काही दाबून आपोआप उघडणारा चाकू, अशी त्याची व्याख्या. पुढे अर्ध्या उघडीचे चाकू बाजारात आले आणि वाद सुरू झाला. २००९ मध्ये कायद्यात अपवाद घातला: पात्याला बंद ठेवणारी रचना असेल आणि ती ओलांडायला हाताने पात्यावर जोर द्यावा लागत असेल, तर तो खटक्याचा चाकू नाही.

ब्रिटनमध्ये बरोबर उलटं झालं. तिथे १९५९ पासून खटक्याच्या चाकूच्या विक्रीवर बंदी होती. २०१९ च्या कायद्याने व्याख्या वाढवली आणि अर्धवट उघडलेल्या स्थितीतून पूर्ण उघडणारा चाकूही तीत आणला.

म्हणजे वस्तू एकच, तर्क दोन, उत्तरं दोन. पण दोन्हीकडे निदान प्रश्न विचारला गेला आणि उत्तर कायद्यात लिहिलं गेलं. आपल्याकडे काय आहे?

आपला कायदा काय म्हणतो

आपल्याकडे मूळ कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिसांच्या आणि बातम्यांच्या भाषेत 'आर्म ॲक्ट'. त्याच्या आधी १८७८ चा इंग्रजांचा कायदा होता, तो लोकांना निःशस्त्र करण्यासाठीच होता. १९५९ च्या विधेयकाच्या उद्देशांमध्ये चाकू, भाले, धनुष्यबाण असल्या वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतून वगळणं हा एक हेतू म्हणून नोंदवलेला आहे. कायदा मंजूर झाला तेव्हा मात्र व्याख्येत धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारं आहेतच. हेतू एक, मजकूर दुसरा. इथूनच गोंधळाला सुरुवात होते.

कलम २ मधली व्याख्या थोडक्यात अशी: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. यातून वगळलं काय, तर 'केवळ' घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू. उदाहरण म्हणून लाठी आणि साधी हातातली काठी दिली आहे.

आता शस्त्र नियम, २०१६ काढा. त्याच्या पहिल्या अनुसूचीतला पाचवा वर्ग बंदुकांखेरीजच्या शस्त्रांचा. त्यात तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, चाकू आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम हत्यारं येतात. इथलाही अपवाद वाचा: घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली सोडून.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की तीन गोष्टी दिसतात.

एक. अधिनियमात 'केवळ' हा शब्द आहे, नियमांत नाही. अधिनियमात कामं दोन, नियमांत चार. 'केवळ' शेतीसाठी घडवलेला चाकू म्हणजे मामाचा, कलमाचा. मामेभावाचा चाकू कलमालाही चालतो, दोरी कापायलाही आणि पेरू चिरायलाही. तो 'केवळ' कशासाठीच घडवलेला नाही. खिशातल्या चाकूचा अर्थच मुळी तो आहे! त्यात ऑनलाइन विकणारे जाहिरातीत 'स्वसंरक्षणासाठी उत्तम' असं बिनधास्त लिहितात. विकणाऱ्याने खप वाढवायला टाकलेला एक शब्द विकत घेणाऱ्याला 'बचावासाठी घडवलेली वस्तू' या व्याख्येकडे ढकलतो.

दोन. ९ इंचांची अट नक्की कोणाला लागू? फक्त 'तत्सम हत्यारां'ना, की आधीच्या चाकूंनाही? वाक्याची रचना दोन्ही अर्थ घेऊ देते. चाकूंनाही लागू, असा अर्थ घेतला तरच त्या मापाला काही मतलब उरतो, नाहीतर पेन्सिल तासायचा चाकूही त्याच वर्गात जाईल. पण ज्या वाक्यावर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून आहे ते इतकं ढिलं असू नये.

तीन. चाकू कसा उघडतो याबद्दल इथे अक्षरही नाही. बटण, स्प्रिंग, खटका, काही नाही. घडीच्या चाकूचं पातं साधारण ३ ते ४ इंच असतं. ९ इंचांच्या मापापुढे तो कुठेच नाही.

मग खटक्याच्या चाकूवर बंदी असते, हे आपण सगळे इतक्या खात्रीने का सांगतो?

दिल्लीचं माप

याचं एक उत्तर दिल्लीत सापडतं. अधिनियमाच्या कलम ४ खाली सरकार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून तिथे बंदुकांखेरीजच्या शस्त्रांनाही परवाना लावू शकतं. लक्षात घ्या, हे कलम आपोआप लागू होत नाही. अधिसूचना लागते आणि तिच्यात कोणत्या प्रकारची शस्त्रं, हेही लिहावं लागतं. दिल्लीत १९८० ची अशी अधिसूचना आहे. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार आणि 'इतर कोणत्याही यांत्रिक रचनेने' उघडणारे किंवा मिटणारे चाकू येतात. माप ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी, किंवा त्याहून जास्त. ७.६२ म्हणजे बरोब्बर ३ इंच. मामेभावाचा चाकू दिल्लीत नेला तर 'इतर यांत्रिक रचना' या शब्दांत सहज अडकेल.

पण त्या अधिसूचनेतही एक मेख आहे. ती परवान्याशिवाय असा चाकू बनवणं, विकणं, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणं याबद्दल बोलते. नुसता खिशात बाळगण्याबद्दल नाही. तरी नुसता बटणदार चाकू सापडला म्हणून खटले होत राहिले. २०२४ मध्ये असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चाकू विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगला होता असा आरोपच आरोपपत्रात नाही, म्हणून न्यायालयाने खटला रद्द केला. अधिसूचना निघून ४४ वर्षं झाल्यावर! ती साधी, सावकाश वाचली असती तर ही वेळ आली नसती.

सातारा-सांगलीत काय होतं

आपल्या भागातली रोजची बातमी आठवा. 'विनापरवाना धारदार शस्त्र बाळगल्याप्रकरणी एकास अटक.' खाली बहुतेक वेळा दोन कलमं असतात: आर्म ॲक्ट ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५.

पहिल्या जोडीबद्दल वर सांगितलं. कलम ४ वर उभं राहायचं तर अधिसूचना दाखवावी लागते आणि हातातली वस्तू तिच्या वर्णनात बसवावी लागते. कलम २५ खालची शिक्षा किमान १ वर्ष, जास्तीत जास्त ३ वर्षं; विशेष कारण असेल तरच न्यायालय त्याहून कमी देऊ शकतं. म्हणजे प्रकरण किरकोळ नाही. त्यामुळे बातमीतला 'विनापरवाना' हा शब्द मला खटकतो. ज्या वस्तूला परवाना लागतो की नाही हेच अजून ठरायचंय, तिला आधीच 'विनापरवाना' म्हणून आपण निकाल देऊन मोकळे होतो.

आणखी एक विसंगती. गावठी पिस्तुलासारख्या, कलम ३ खालच्या प्रकरणात खटला भरायला कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. चाकूच्या प्रकरणात ती लागत नाही. पिस्तूल हे हत्यार आहे का, असा प्रश्न कुणालाच पडत नाही, तरी तिथे दुसऱ्या अधिकाऱ्याची नजर आहे. चाकूत खरा संशयाला वाव आहे आणि तिथेच ती चाळणी नाही.

दुसरी जोडी जास्त महत्त्वाची. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७(१) खाली जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी घालू शकतात. गणेशोत्सव, मोहरम, निवडणुका, आंदोलनं, असं काही आलं की वर्तमानपत्रात हा आदेश येतोच. मोडला तर कलम १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद, आणि कारणं लेखी दिल्याशिवाय ४ महिन्यांपेक्षा कमी नाही.

इथे ९ इंच नाहीत, बटण नाही, 'केवळ शेतीसाठी' हा अपवादही नाही. इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू! मामेभावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर या कलमात आहे. आणि योगायोग बघा: द्राक्षाची कलमं करायचा काळ ऑगस्ट-सप्टेंबर, गणपतीही तेव्हाच. कलमाचा चाकू खिशात ठेवून माणूस तासगावहून मिरजेला एसटीने निघाला तर रानात जे अवजार होतं ते स्टँडवर उतरेपर्यंत बंदी असलेली वस्तू झालेलं असू शकतं. चाकू तोच, खिसाही तोच.

कोयता आणि वाघनखं

चाकू कसा उघडतो किंवा किती लांब आहे, यावर धोका मोजता येतो का? आपल्याच भागातली दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं कोयता. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सांगली-साताऱ्यात येतात. प्रत्येकाच्या हातात कोयता. त्याला ना स्प्रिंग, ना बटण. तो उघडावाच लागत नाही, कायम उघडाच. शेतीसाठी घडवलेला, म्हणून व्याख्येतून बाहेर. आणि गेल्या काही वर्षांत पुण्यापासून आपल्यापर्यंत भीती कशाची बसली, तर कोयत्याचीच. पुण्यात तर कोयता घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, अशा सूचना विक्रेत्यांना दिल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. ज्याला कायदा अवजार म्हणतो त्याच्याच खरेदीवर नजर ठेवावी लागली.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा मीही रांगेत उभी होते. काचेपलीकडे बघताना डोक्यात हेच. ही वस्तू नखशिखांत हत्यार आहे, दुसरा काही उपयोगच नाही. पण ९ इंच लांब किंवा २ इंच रुंद पात्याच्या मापात ती बसणार नाही. तिची ताकद लांबीत नव्हती, मुठीत लपण्यात होती.

म्हणजे कोयता मापाने मोठा पण अवजार, वाघनख मापाने छोटं पण हत्यार. फूटपट्टी दोन्हीकडे निरुपयोगी. आणि खटका? तो तर दोन्हीकडे नाहीच.

मग मोजायचं काय?

माझं म्हणणं असं, की स्प्रिंगच्या चाकूची वेगळी व्याख्या करत बसण्यात अर्थ नाही. अमेरिका-ब्रिटनच्या वाटेने गेलो तर दर दहा वर्षांनी कारखानदार नवी रचना काढतील आणि कायदा मागून धावेल. प्रश्न 'कसा उघडतो' हा नाही. 'कुठे, केव्हा आणि कशासाठी' हा आहे.

हा विचार आपल्या कायद्याला परका नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्याच कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने घातक वस्तू घेऊन सापडणं हा गुन्हा आहे. तिथे इरादा सिद्ध करावा लागतो. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही सार्वजनिक ठिकाणी पातं बाळगणाऱ्याला 'योग्य कारण होतं' असा बचाव घेता येतो आणि कामासाठी बाळगणं हे कारण कायद्यातच लिहिलेलं आहे.

पण माझ्याच मुद्द्यावर मला एक आक्षेप आहे आणि तो लपवून चालणार नाही. 'कारण सांग' म्हटलं की ते पटवून घेणारा पोलीस असतो. माझ्या मामाकडे सातबारा आहे, बाग आहे, गावात चार ओळखी आहेत. त्याचं कारण लगेच पटेल. फासेपारध्याच्या पोराचं पटेल? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला. रस्त्यावरून पुसला गेलाय, असं मी म्हणणार नाही. चाकू कसा आहे यापेक्षा तो कोणाकडे आहे, हे आजही आधी बघितलं जातं. फूटपट्टीचा एकच गुण असतो, ती माणूस बघत नाही. ती काढून घ्यायची तर तिच्या जागी काहीतरी ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. रात्री गस्तीवर असलेल्या हवालदाराला इरादा दिसत नाही, चाकू दिसतो. वार होईपर्यंत थांब, असं त्याला सांगता येणार नाही. ३७(१) चा आदेश त्याच्या हातात एक सोपं साधन देतो आणि दंगलीच्या वातावरणात ते लागतंही.

म्हणून मला तीन साध्या सुधारणा सुचतात. पहिली, शस्त्रबंदीच्या आदेशात शेती, बागायत, ऊसतोड, मेंढपाळी, खाटीककाम यांची अवजारं कामाच्या ठिकाणी किंवा तिथे जाता-येता बाळगायला स्पष्ट सूट लिहावी. पिशवीत, गुंडाळून न्यायची अट घालायला हरकत नाही. दुसरी, पंचनाम्यात चाकूची एकूण लांबी न लिहिता पात्याची लांबी-रुंदी वेगळी लिहावी, तो कसा उघडतो ते लिहावं आणि बाळगणाऱ्याने दिलेलं कारण त्याच्याच शब्दांत नोंदवावं, पटो न पटो. तिसरी, कलम ४ खालच्या प्रत्येक आरोपपत्राला संबंधित अधिसूचना जोडलेली असावी. अधिसूचना नाही तर कलम ४ नाही. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागत नाही. आणि पारध्याच्या पोराला निदान इतकं मिळेल, की त्याचं म्हणणं कागदावर असेल आणि ते न्यायाधीश वाचतील.

राहिला मामेभाऊ. डिसेंबरात परत गेले तेव्हा त्याला सांगितलं: तुझा चाकू स्प्रिंगचा आहे म्हणून आपल्याकडे आपोआप गुन्हा होत नाही. माप बघितलं तर तो पाचव्या वर्गाच्या जवळपासही नाही. पण शस्त्रबंदीचा आदेश चालू असताना खिशात घालून गावात फिरलास तर बटण असो नसो, अडकशील. रानातलं रानात ठेव.

त्यावर तो म्हणाला, "मग आदेश चालू हाय का नाय, हे आमाला कळायचं कसं?"

कलम ३७ म्हणतं की आदेश जाहीररीत्या प्रसिद्ध झाला पाहिजे. तो प्रसिद्ध होतो, छोट्या टायपात, आतल्या पानावर. मामाच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. पुढचं प्रकरण त्या 'प्रसिद्ध झाला' या दोन शब्दांवर लिहायला घेतलंय. तुमच्या गावात असा आदेश कधी दवंडीने, भोंग्यावरून किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कळला असेल तर जरूर सांगा. मला त्याची खरंच गरज आहे.